खालची पट्टी

गडचिरोलीहून धानोऱ्याला निघालेल्या काळीपिवळीत आकिब अकरावा माणूस म्हणून शिरला, तेव्हा मधल्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्याला टेकायला चार बोटं जागा करून दिली. एवढंच झालं. पण जागा दिल्यावर ती त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली. "तुमी मशीनवाले भाऊ न?" त्याने मान हलवली. धानोऱ्यात त्याला त्याच नावाने ओळखत. तिथल्या सरकारी सभागृहातलं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं यंत्र तो सांभाळायचा. कंपनीचा कंत्राटी माणूस, दर अकरा महिन्यांनी नव्याने नेमला जाणारा. बाई म्हणाली, मी कोहकाटोल्याची रुखमा, डोमाची घरवाली. गेले सत्तावीस दिवस आकिब या नावाला वळसा घालून चालत होता, आणि आज ते नाव त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसलं होतं.

रुखमाबाईला विचारावं लागलं नाही. गाडीत बसलेली माणसं सांगतात तसं तिने आपणहून सांगितलं, की ती मोठ्या दवाखान्यातून येत होती. मागच्या आठवड्यात डोमाचे कान तपासून घेतले होते, त्याचा कागद आणायला आज एकटीच गेली होती. कागद तिथल्याच नर्सबाईने वाचून दाखवला. "कान चांगले हाय म्हंते. दोन्ही," ती म्हणाली, आणि पिशवीवरून हात फिरवत बाहेर बघू लागली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "खराब निघाले असते त बरं झालं असतं, भाऊ."

"काऊन बाई?" त्याने विचारलं. काऊन ते त्याला पुरतं ठाऊक होतं, तरी विचारलं. न विचारणं संशयास्पद दिसलं असतं, असा हिशेब त्याच्या डोक्यात त्या क्षणी झाला, आणि आपल्याला असे हिशेब इतक्या सफाईने जमतात याची त्याला किळस आली. रुखमाबाईने सांगितलं ते असं: गावाच्या जंगलहक्काच्या दाव्याची मशीनवर सुनावणी झाली, त्याचा कागद गावात आला. कागदात लिहिलेलं होतं, की तीन प्रश्न विचारूनही गावाने दाव्याला दुजोरा दिला नाही, सबब दावा परत. गाव तर तीनदा हो म्हणालं होतं. मग जिल्ह्याच्या साहेबाने नाही कसं लिहिलं? साहेबाचं मराठी गावाला गोंडीत सांगणारा डोमा. मधे दुसरं कोणी नव्हतंच. कोणी त्याला तोंडावर काही बोललं नाही. फक्त त्यानंतर दोन सभा झाल्या आणि दोन्ही वेळा सभेला प्रश्न विचारायला गावातला लालसू उभा राहिला. चाळीस वर्षं ते काम डोमाचं होतं. "थो म्हंते, माह्याच कानात दोष आला असल. साहेब इचारे एक, मी आयकलो दुसरं. मनून कान दाखवले." आता कानही चांगले निघाले. घरी जाऊन हे त्याला कसं सांगायचं, हेच ती गडचिरोलीपासून जुळवत बसली होती.

सांगायचं ते तिथेच सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. बाई, त्याच्यात डोमाभाऊंचा काही दोष नाही, दोष माझा आहे. पण गाडीत अकरा माणसं होती, ड्रायव्हरने गाणी लावली होती, आणि समोरचा एक माणूस कोंबडी धरून आकिबकडेच बघत होता. अशा वेळी कारणं कशी भराभर धावून येतात. तो धानोऱ्याला उतरला, रुखमाबाई पुढच्या फाट्यापर्यंत जाणार होती. त्याने तिला म्हटलं, येतो बाई. तिने म्हटलं, या न कधी कोहकाटोल्याले, मोहा सुरू झाला. आणि गाडी गेली.

सभागृह उघडलं, खिडक्या उघडल्या, यंत्राला वीज दिली. पडद्यावर नेहमीची खूण आली आणि तिच्याखाली एक पिवळी ओळ: साठवण भरत आली आहे, तीस दिवस पूर्ण होणाऱ्या नोंदी तीन दिवसांनी आपोआप पुसल्या जातील. ती ओळ त्याने काल वाचली होती आणि परवाही; रोज तिच्यातला एक दिवस कमी होत होता. तीस दिवसांचा आकडा त्यानेच भरलेला. तेव्हा काही मनात नव्हतं, रकाना रिकामा होता म्हणून भरला. पण सुनावणीनंतर तो आकडा त्याचा मित्र झाला होता. त्याला काहीही करायचं नव्हतं. कुठलं बटण दाबायचं नव्हतं, कुठली फाईल उडवायची नव्हती, कुणाशी खोटं बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं आणि तीन दिवसांनी यंत्र स्वतःहून सगळं विसरणार होतं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. समोरच्या सतरंजीवर आज कोणी नव्हतं, पण कोण कुठे बसलं होतं हे त्याला अजून दिसत होतं.

त्या दिवशी चाळीस-बेचाळीस माणसं आली होती. पुढे पुरुष, मागे बाया, दोघीचौघींच्या कडेला लेकरं. सकाळच्या चाचणीत जिल्ह्याच्या टोकाकडून साहेबांचा वैतागलेला आवाज आला होता: तुमच्याकडे बाजार भरलाय का, बंद करा तो. बाजार कसला, वरचे पत्रे तापून कडकडत होते, पंखा घरघरत होता आणि अंगणात कोंबड्या होत्या. धानोऱ्याची लाईन आधीच मुलखाची रोडकी; तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही ढकलायचं म्हणजे अरुंद दारातून बैलगाडी काढायची. आकिबने कॉलचा वेग खाली आणला, चित्र जाड केलं, म्हणजे तोंडं दिसतील पण ओठ दिसणार नाहीत इतपत, आणि मग सेटिंगच्या पानावर जाऊन गोंगाट दाबण्याची पातळी शेवटच्या खुणेपर्यंत नेली. जास्तीत जास्त. या पातळीवर यंत्र माइकजवळ बोलणाऱ्या एका माणसाचा आवाज तेवढा राखतं आणि बाकी जे संथ, सलग, एकसुरी वाटेल ते पंखा समजून गाळून टाकतं. मोठ्या सभेसाठी ही पातळी वापरू नये, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. त्याने ते वाचलं होतं. जिल्ह्याच्या टोकाकडून साहेब म्हणाले, हां, आता कसं स्वच्छ झालं, आणि आकिबला बरं वाटलं. मोठ्या माणसाने स्वच्छ म्हटल्यावर त्याला नेहमीच बरं वाटायचं.

आणि सुनावणीआधी डोमाने त्याला विचारलं होतं. ही गोष्ट आठवली की आकिबला खुर्चीत बसवत नसे. डोमा त्याच्या टेबलाशी आला, डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला आणि म्हणाला, आमच्या गावात एकटा माणूस उठून माझं असं म्हणणं आहे असं सांगत नाही, तसं करणं वाईट दिसतं. मी प्रश्न विचारतो. लोक आपसात बोलतात. पटलं की सगळे मिळून, तोंड मिटून, हुंकार देतात. नाही पटलं तर कोणी आवाज करत नाही, मग मी पुन्हा विचारतो. हुंकार आला की गोष्ट ठरली, ती परत कोणी तोंडाने सांगत नाही. मीसुद्धा नाही. सांगितली तर सभेचा आवाज कमी पडला असा अर्थ होतो. "त हे मशीन त्यायचा आवाज घेईल का भाऊ? का मी अलग सांगू साहेबाले? तुमी म्हणसाल त सांगतो." म्हातारा गावाची चाल मोडायला तयार होता, एका यंत्रासाठी, आकिबच्या एका शब्दावर. आणि आकिब त्या वेळी वायर खोचत होता. त्याने वर न बघता म्हटलं, "काही गरज नाई डोमाभाऊ. मशीन सगळं ऐकते."

साहेबांनी तीन प्रश्न विचारले. नाल्यापलीकडचं जंगल तुमचं गाव वापरतं का. दाव्यातली हद्द तुम्हाला मान्य आहे का. शेजारच्या गावाशी तंटा नाही ना. प्रत्येक प्रश्न डोमाने गोंडीत मांडला, सतरंजीवर थोडी कुजबुज झाली, आणि मग तो हुंकार आला. आकिबने तो आधी कानाने ऐकलाच नाही, कारण कानांवर हेडफोन होते. त्याच्या कोपरांखालचं टेबल किंचित थरथरलं, म्हणून त्याने मान वर केली. पडद्याच्या कडेला आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. वरची पट्टी माइकमध्ये येणाऱ्या आवाजाची, खालची बाहेर जाणाऱ्या आवाजाची. वरची पट्टी हिरवी होत होत टोकाला जाऊन भिडली होती. खालची सपाट होती. बेचाळीस माणसांचा होकार यंत्रात शिरत होता आणि यंत्राच्या पोटातच राहत होता. पलीकडे साहेब क्षणभर थांबले, बरं म्हणाले. डोमाला वाटलं, पोचलं. दुसऱ्या प्रश्नाला तसंच झालं. तिसऱ्यालाही. तिन्ही वेळा आकिबची नजर त्या खालच्या पट्टीवर होती आणि बोट बोलायच्या बटणापासून वीतभर लांब. साहेबांना मधेच तोडून, साहेब थांबा, माझ्या सेटिंगमुळे तुम्हाला ऐकू येत नाही, असं म्हणायचं होतं. कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं. बाहेर आणखी पाच गावं थांबली होती. त्याने स्वतःला सांगितलं, साहेबांना चित्रावरून कळलं असेल. मग साहेब डोमाला ठीक आहे म्हणाले, लोक उठू लागले, आणि जिल्ह्याचा माइक उघडाच राहिल्यामुळे हेडफोनमध्ये, फक्त आकिबच्या कानात, साहेबांचा आवाज आला. ते कारकुनाला सांगत होते, "ढिम्म बसून राहिले सगळे. तसंच लिहा." म्हणजे कळलं नव्हतं. तरीही त्याने पुढच्या गावाचा कॉल जोडला. जाताना डोमाने त्याला हात जोडले होते.

त्या दिवशी संध्याकाळी तो घरी, ब्रह्मपुरीला गेला आणि जेवताना अब्बांना सगळं सांगून टाकलं. सादिकमियाँची एके काळी ब्रह्मपुरीत साउंड सर्व्हिस होती. झाडीपट्टीच्या नाटकांना, मंडईच्या जत्रेला, लग्नांना त्यांचे भोंगे आणि माइक जायचे. सगळा जन्म भोंग्यांशेजारी काढून आता त्यांचे कान गेले होते. आकिबने वरण ओतताना सांगितलं, भाकरी मोडताना सांगितलं, पट्ट्या, साहेब, डोमा, काही सोडलं नाही. अब्बांनी दोनदा मान हलवली आणि लोणचं मागितलं. शेजारी आबिदा बसली होती, त्याची बायको; तिला सगळं ऐकू आलं होतं. नंतर भांडी उचलताना ती एवढंच म्हणाली, की ज्यांना ऐकू येतं त्यांनाही कधी सांगा. त्याला राग आला, कारण तिने नेमकं ओळखलं होतं. बहिऱ्या माणसासमोर कबुली देऊन तो मोकळा व्हायला निघाला होता.

अब्बांच्या हाताखाली तो पंधरा वर्षांचा असल्यापासून होता. नाटकाच्या रंगमंचावर अब्बा तारेला बांधून तीन माइक टांगायचे आणि चौथा, सगळ्यात जुना, लोकांच्या बाजूला तोंड करून ठेवायचे. तो कशाला, असं आकिबने विचारलं होतं. अब्बा म्हणाले होते, पब्लिकचा आवाज नटापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलतो आणि चौथ्या प्रवेशात मरतो. लोक खोकतील, लेकरं रडतील, त्याचं काही नाही. आवाज कमी कर, पण तोडू नको. आकिबला तेव्हा ते गावठी वाटलं होतं. तो नागपूरला जाऊन कोर्स करून आला, स्वच्छ आवाज शिकला. अब्बांच्या कामाबद्दल तो मित्रांत हसून बोलायचा. आता त्याला वाटलं, की त्या चौथ्या माइकचं तोंड आपण आयुष्यभर भिंतीकडे फिरवत आलो आहोत आणि त्यालाच हुशारी समजत आलो आहोत.

त्याने नोंदींचं पान उघडलं. बाहेर गेलेला कॉल जिल्ह्याकडे साठत होता, गाळलेला, स्वच्छ. पण इथल्या यंत्रात माइकचा कच्चा आवाजही साठायचा, आणि तो तीन दिवसांत जाणार होता. सत्तावीस दिवसांत त्याने ती नोंद एकदाही ऐकली नव्हती. ऐकली नाही तोवर, कदाचित हुंकार मोठा नव्हता, कदाचित मला भास झाला, असं म्हणायची सोय होती. त्याने हेडफोन चढवले आणि लावली. आधी पत्रे, मग पंखा, मग कोंबडी, मग साहेबांचा प्रश्न आणि डोमाची शांत, थोडी घोगरी गोंडी. कुजबुज. आणि मग तो आवाज आला. त्याने तो हेडफोनमधून प्रथमच नीट ऐकला. पंख्यासारखा तो मुळीच नव्हता. त्यात माणसं वेगवेगळी ऐकू येत होती. एक म्हातारा जरा उशिरा लागत होता, बायांचा सूर वर होता, एका लेकराने आईबरोबर हुंकार द्यायचा प्रयत्न केला आणि त्याला मधेच खोकला आला. हे यंत्राला एकसुरी वाटलं होतं. आकिबने नोंद थांबवली. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीही त्याला लाज वाटली. रडण्याचा हक्क आपला नव्हे असं वाटून त्याने तोंड धुतलं. मग नोंद पेन ड्राइव्हवर आणि फोनमध्ये उतरवून घेतली, गोंगाट दाबण्याची पातळी शून्यावर आणली, आणि कागद घेऊन लिहायला बसला. अमुक तारखेच्या सुनावणीत, माझ्याकडून. इथे तो अडला. यंत्रातील तांत्रिक अडचणीमुळे, असं लिहिलं तर कुणाचंच काही जात नव्हतं. त्याने ते लिहिलं, वाचलं, आणि फाडलं. दुसऱ्या कागदावर लिहिलं: मी सेटिंग चुकीची ठेवली. आवाज बाहेर जात नाही हे मला सुनावणी चालू असतानाच दिसले. मी सांगितले नाही. खाली सही केली, दोन प्रती काढल्या, एक पाकिटात घालून जिल्ह्याला पाठवण्यासाठी टपालात टाकली. पाकीट पेटीत पडल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण पेटीत काही डोमा बसलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाट्यावर उतरून कोहकाटोल्याला चालत गेला. अंगणाअंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, जड वास गावभर होता. डोमा घराच्या पडवीत सूप घेऊन बसला होता. त्याने आकिबला पाहून बाज सरकवली, रुखमाबाईने पाणी आणलं. आकिब बाजेवर न बसता खाली बसला आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पट्ट्यांचं, बोटाचं, हेडफोनमध्ये ऐकलेल्या वाक्याचं. डोमा ऐकत होता आणि त्याचे हात सुपातली फुलं निवडत होते. शेवटी हात थांबले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "तुमी पाह्यलं होतं?"

"हो."

"तवाच?"

"हो, डोमाभाऊ. तवाच."

डोमा उठला, खुंटीवरचा रुमाल काढून डोक्याला बांधला आणि म्हणाला, हे मले सांगून नाई होत. सभेले सांगा.

दुपारी मोहफुलांचं काम आटोपल्यावर सभा बसली, गावाच्या सभाघरासमोर, गोटुलाच्या सावलीत, त्या दिवशी सतरंजीवर बसली होती त्याच क्रमाने. रुखमाबाईने सांगितलेला लालसू, तिशीतला माणूस, पुढे होता. त्याने आकिबला बोलायला सांगितलं आणि तो एकेक वाक्य गोंडीत मांडत गेला. 'मी पाहिलं आणि सांगितलं नाही' हे वाक्य मांडायला त्याला जरा वेळ लागला. मग आकिबने फोनवर नोंद लावली. आपलाच हुंकार ऐकून लोक एकमेकांकडे बघू लागले. खोकला आला तेव्हा एका बाईने आपल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवला. लालसूने आकिबने आणलेली पत्राची दुसरी प्रत वर धरून विचारलं, हा कागद आपल्या अपिलाला जोडायचा का. कुजबुज झाली, आणि हुंकार आला. आज आकिबच्या कानांवर काही नव्हतं. तो आवाज जमिनीतून त्याच्या तळव्यांत चढला.

त्यानंतर लालसू खाली बसला नाही. तो थोडा वेळ पायांकडे बघत उभा राहिला, मग डोमाजवळ गेला, त्याचा हात धरून त्याला पुढे घेऊन आला आणि स्वतः मागे जाऊन लोकांत बसला. म्हाताऱ्याला पुढे उभं करून गावाला विचारायचा तो प्रश्न, हे काम पुन्हा याचंच का, कोणी शब्दांत मांडलाच नाही. बाया पदराशी चाळा करत होत्या, पुरुष मातीत रेघा ओढत होते. संशय घेतल्याची शरम सगळ्यांच्या मानांवर बसली होती. मग मागून, बायांच्या बाजूने हुंकार सुरू झाला, आणि पुढे आला, आणि पहिल्या हुंकारापेक्षा किती तरी लांब चालला. डोमा ताठ उभा होता. रुखमाबाईने तोंडावर पदर घेतला. आकिबच्या मिटलेल्या तोंडातही काहीतरी गुणगुणू लागलं, पण आपला आवाज त्यात मिसळायचा नाही हे कळून त्याने तो गिळला.

आता तिसरा प्रश्न, असं त्याला वाटलं. तो पाठ सरळ करून बसला. तो प्रश्न त्याच्याबद्दलचा असणार होता. होकार येईल किंवा कोणी आवाज करणार नाही, दोन्ही ऐकायची त्याने तयारी केली होती, दोन्हींतलं काहीही चाललं असतं. डोमाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग सभेकडे पाहिलं. मग काही न विचारताच गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि आपली काठी उचलली, आणि त्याबरोबर लोक उठले, कपड्यांची माती झटकली आणि आपापल्या अंगणाकडे फुलं गोळा करायला निघाले. सावलीत तो एकटा बसून राहिला. रुखमाबाई पाण्याचा तांब्या न्यायला आली तेव्हा तिने त्याला पाहिलं.

"चार वाजता गाडी हाय भाऊ फाट्यावर," ती म्हणाली. "निघा, नाई त सुटन."